नदीपल्याड न पोचलेला टोला

मित्रांनो, मी जुना आहे, गंजलेला आहे, आणि सगळे घंटा म्हणत असले तरी मी घंटा नाही. मी रुळाचा एक तुकडा आहे. तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेसमोर, मोहाच्या झाडाला मला जाड तारेनं टांगलेलं आहे. पोरं मला घंटा म्हणतात, त्यांचे आईबाप टोला म्हणतात. मला दोन्ही चालतं. देवळातल्या पितळी घंटांसारखे नखरे मला कधीच परवडले नाहीत.

माझी सुरुवात भट्टीतली, लालबुंद. पुढं मला डहाणूजवळ खडीवर आडवं निजवलं आणि माझ्या अंगावरून गाड्या धावू लागल्या. सुरतेकडे जाणाऱ्या लांबच लांब गाड्या, मालगाड्या, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायकांच्या गाड्या. रुळाला एक खोड लागते आणि ती मरेपर्यंत सुटत नाही. गाडी दिसायच्या कितीतरी आधी ती त्याला अंगातून कळते. मी झिजलो तेव्हा मला कापून बाजूला टाकलं. भंगारात जायचो, पण एका म्हाताऱ्या गुरुजींनी मला मागून घेतलं आणि बैलगाडीत घालून या पाड्यावर आणलं.

इथं मला मान मिळाला. पाड्यावर घड्याळं थोडी आणि होती तीही लहरी. मी वाजलो की चुलीवरचा भात उतरायचा, बाया कामाला निघायच्या, पोरं तोंडात घास कोंबून पळत सुटायची. माझा आवाज नदी ओलांडून पल्याडच्या टेकडीवर जायचा. त्या टेकडीवर रूपीचं कुडाचं घर होतं. रूपीची मुलगी जिवली २०१५ साली पहिलीत आली. टोला ऐकला की ती टेकडी उतरायची, नदीतल्या दगडांवरून उड्या मारत यायची आणि बहुतेक वेळा उशिराच पोचायची.

शाळेच्या निलमबाई एकदा तिला रागावल्या, "जिवली, टोल्याच्या आधी निघत जा गं!"

"टोला नाय झाला तं शाळा हाय का नाय, ते कसं कळंल बाई?" जिवली म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. मलाही, पण लोखंडाचं हसू कुणाला दिसतंय?

मग २०१८ सालची दिवाळीची सुट्टी संपली. शाळा भरली होती, पोरं पाढे म्हणत होती आणि मला खालून काहीतरी येताना जाणवलं. वाटलं, गाडी आली. पण इथं रूळ नाहीत, हे आठवलं आणि मी घाबरलो. आधी जमिनीच्या पोटात गुरगुर झाली, मग मोहाचं झाड हललं, आणि कुणी हात न लावता तार थरथरली आणि मी झाडाच्या बुंध्यावर आपटलो. मी वाजलो, मित्रांनो. वाजवणारा कुणी नव्हता.

त्यानंतर ते पुन्हा पुन्हा होत राहिलं. कधी नुसती गुरगुर, कधी धक्का. भांडी मांडणीवरून पडायची, कुत्री रडायची, लोक घराबाहेर पेंढा टाकून झोपायला लागले. वर्गाच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग गेली. पोरांचं फळ्याकडे लक्ष नसायचं, सगळ्यांचे डोळे खिडकीतून माझ्यावर. मी वाऱ्यानं हललो तरी एखादं पोर किंचाळून उठायचं. ज्याला ऐकून ती धावत यायची, त्याला पाहून आता पळायला लागली. एवढं दुःख मला गाड्यांच्या वजनानंही दिलं नव्हतं. शेवटी शाळा बंद झाली.

पाड्यातला जाणता म्हातारा चैत्या आजा. त्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "या लोखंडात कोनतरी हाय. गाडीखाली गेलेल्या मानसाचा जीव हाय. तो उठतंय नि धरतरीला हलवतंय."

रुळावर काय काय घडतं ते मला ठाऊक आहे. त्यातलं काही मी कधीच सांगणार नाही. पण खालून येणारा तो आवाज कुणा माणसाचा नव्हता, तो धरतरीचा स्वतःचा होता. मी सांगणार कसा? मला उतरवलं, शेंदूर लावला, नारळ फोडला आणि शाळेमागं करवंदीच्या जाळीजवळ खोल खड्डा खणून पुरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! त्यावर कहर म्हणजे पुढचे काही दिवस जमीन गप्प राहिली. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली आणि माझं भूत सगळ्यांच्या मनात पक्कं बसलं.

जमिनीखाली फार अंधार असतो, मित्रांनो. पण तिथं मला सगळं कळत होतं. वर चालणाऱ्यांची पावलं कळत होती, बोलणं कळत होतं. आणि खाली, फार खाली, कुणीतरी कूस बदलत असल्यासारखं वाटत राहायचं. मी श्वास रोखून पडून राही.

एके दिवशी शाळेच्या अंगणात सभा बसली. शाळा पुन्हा कशी सुरू करायची, हा विषय. शाळेच्या समितीचा अध्यक्ष काकड्या म्हणाला, "वरून हुकूम येऊ द्या बाई."

"हुकूम येईल तेव्हा येईल," निलमबाई म्हणाल्या. "तोवर सगळी वीटभट्टीवर निघून गेली, तर शाळा उघडायची कुणासाठी?"

तेव्हा रूपी उठली. तिला मुकादमाचा निरोप आला होता. वीटभट्टीवर एकदा गेलं की पावसाळ्यापर्यंत परतायचं नाही, आणि जिवलीचं चौथीचं वर्ष बुडणार, हे तिलाही कळत होतं. "भिंतीची भेग तुम्हीच दाखवली," ती म्हणाली. "आता तिच्याखाली पोरीला बसवू? भट्टीवर आम्ही आभाळाखाली निजतो. डोक्यावर पडायला तिथं काय हाय?"

बाई म्हणाल्या, "खरंय रूपीताई. भिंत नकोच आपल्याला."

मग बेत ठरला. मोकळ्या जागेत बांबूचा मंडप घालायचा, बाजूंना कारवीच्या काड्यांचा कूड, तोही कमरेइतकाच, वर पेंढा. पडलाच तर पेंढा पडेल, वीट नाही. बाहेर पडायला दोन्हीकडून वाट. जमीन हलली की मोठ्या पोरांनी लहानांचे हात धरायचे, कुणी कुणाला ढकलायचं नाही, आणि याची रोज तालीम करायची. एवढा नेटका बेत मी रेल्वेतही पाहिला नव्हता.

रूपीनं सगळं ऐकून घेतलं. "मंडप झाला का टोला मारा," ती म्हणाली. "टोला आयकला का पोरीला धाडीन. मुकादमाला सांगन, जिवली नाय येत."

जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या पायांपासून थोड्याच अंतरावर मी पुरलेला होतो, आणि ते एकाच्याही लक्षात आलं नाही.

मंडप उभा राहिला. खांब रोवण्याआधी चैत्या आज्यानं धरतरीला तांदळाचे दाणे वाहिले. बाईंनी म्हटलं, "आता घंटा काढू या." आजा हात जोडून उभा राहिला. "निजलेल्याला उठवू नका, बाई. उद्या काय झालं तं पोरं कुनाची जातील?" बाई शिकलेल्या खऱ्या, पण धक्क्यांनी त्यांचीही झोप उडाली होती, आणि भीतीपुढं शहाणपण टिकत नाही. त्या म्हणाल्या, "बरं, राहू दे." त्यांनी खेळाच्या पेटीतली शिट्टी काढली. नदीपल्याड निरोप द्यायचं काम काकड्यावर आलं. काकड्यानं ते पाड्यावरच्या तुक्याला सांगितलं. तुक्याला वाटलं, रूपीच्या घरचं कुणीतरी बाजारात भेटेलच.

शाळा भरली. माझ्या डोक्यावरून ओळखीची पावलं गेली, दीपकची, शितलची. जिवलीची नव्हती. बाईंना वाटलं, रूपीचं मन फिरलं असणार. शिट्टीचा आवाज नदीपर्यंतसुद्धा जात नव्हता. आणि पल्याडच्या टेकडीवर रोज सकाळी दोन लहान पावलं घराबाहेर यायची, अंगणाच्या टोकाशी थांबायची, बराच वेळ थांबायची, आणि परत आत जायची. मला ती जमिनीतून कळायची. मी जीव तोडून वाजायचा प्रयत्न केला. मातीत पुरलेलं लोखंड वाजत नाही, मित्रांनो.

मग एका सकाळी नदीपल्याड टेम्पोची घरघर आली. तो टेकडीखाली थांबला. ती पावलं आज अंगणाच्या टोकाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबली. कुणीतरी हाक मारली, आणि पावलं जमिनीवरून उचलली गेली.

त्याच दिवशी दुपारी मोठा धक्का बसला. मंडप डोलला, पेंढ्याची धूळ सांडली. पोरं तालमीप्रमाणे हात धरून बाहेर आली. कुणाला साधं खरचटलंही नाही. जुन्या वर्गाची भेगाळलेली भिंत मात्र अर्धी खाली आली. निलमबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आता रूपीची खात्री पटेल म्हणून त्या तशाच नदी ओलांडून टेकडीवर गेल्या.

दार तारेनं बांधलेलं होतं. शेजारची बायजी म्हातारी अंगणात नाचणी पाखडत होती. "पोर रोज उभी राहायची इथं," ती म्हणाली. "तिची आय पन. मुकादमाला दोनदा माघारी धाडला तिनं. पन टोलाच नाय झाला, बाई. मंग गेल्या."

बाई परत आल्या त्या सरळ करवंदीच्या जाळीपाशी. कुदळ घेऊन त्या एकट्याच खणायला लागल्या. हाताला फोड आले. चैत्या आजा आला, पाहत उभा राहिला. जमीन हलली ती मला पुरल्यावरही, हे त्यानंही पाहिलं होतं. बाईंच्या तोंडून बायजीचं बोलणं ऐकलं आणि तो गुडघ्यांवर बसून हातांनी माती उपसू लागला. मला मोहावर चढवलं. बाईंनी घण घेतला आणि मारत सुटल्या. मी वाजलो, आयुष्यात कधी वाजलो नव्हतो एवढा. आवाज नदीपल्याड गेला, टेकडीवर आपटला आणि तसाच परत आला.

पावसाळ्याच्या तोंडावर भट्टीवरची माणसं परतली. रूपीही आली. जिवली तिच्यासोबत नव्हती. तिला चिखले गावात मावशीकडे ठेवलं होतं, मावशीचं तान्हं सांभाळायला. निलमबाई तिला आणायला जाऊन आल्या, पुन्हा जाणार आहेत. पण एका सकाळी रूपी शाळेशी आली. मंडप पाहिला, कूड चाचपला, दोन्ही वाटा पाहिल्या. मग माझ्याखाली येऊन उभी राहिली आणि माझ्या गंजलेल्या अंगावर तिनं हात ठेवला.

"तवा का नाय वाजलास रं?" ती म्हणाली.

मित्रांनो, मी गाड्यांचं ओझं सोसलं, पण तो हात मला अजून सोसत नाही. वारा नसतानाही मी कधीकधी थरथरतो. लोक म्हणतात, जमीन हलली असेल. मी त्यांना काय सांगू? जमीन हलली तर मी वाजेन, तेव्हा घाबरा, बाहेर या, एकमेकांचे हात धरा. पण मला पुरू नका. आणि शाळा उघडाल तेव्हा आत कोण आलं ते मोजत बसण्याआधी, पल्याडच्या अंगणात कान देऊन कुणी उभं आहे का, ते नदी ओलांडून पाहून या.