बिनफ्रीजरचा फ्रिज

“ताई, इन्सुलिन बर्फात ठेवू नका बरं का,” असं मिरजगावच्या मेडिकलवाल्यानं पंकजाला बजावलं होतं. पण लाइट सारखी जाते म्हणून तिनं सासूबाईंचं औषध फ्रीजरमध्येच ठेवलं. गोठून निकामी झालेलं तेच टोचत राहिल्यानं साखर वाढली आणि सासूबाई गेल्या. नवऱ्याला, कल्याणला, हे अजून ठाऊक नाही.

आज नव्या स्वयंपाकघरासाठी फ्रिज घ्यायला दोघं नगरला आले. लहानग्या मुलाला, पार्थला, कडेवर घेऊन तिनं विचारलं, “बिनफ्रीजरचा नाही का?”

“मग कपाटच घ्या की, वहिनी!” दुकानदार हसला.

“मोठ्या फ्रीजरचा द्या,” कल्याण म्हणाला.

तिनं होकारार्थी मान हलवली.

तुमच्या शेजारी कुणी इन्सुलिन घेत असेल, तर ते कुठं ठेवलंय तेवढं आजच जाऊन बघा, एवढंच तिचं मागणं आहे.