जावईबापू, तुम्ही पुढे

मानसला सासरी कुणी रागावत नसे, हेच त्याचं दुःख होतं. लग्नाला तीन वर्षं झाली, पुण्याची नोकरी सोडून तो इंदूरला आला, तरी सासरे लक्ष्मीकांतराव त्याला 'अहो जावईबापू'च म्हणत आणि चहासुद्धा ट्रेमधून देत. त्यांच्या सायकलवाल्या टोळीत मात्र सगळे एकमेकांना यथेच्छ शिव्या घालत. मानसला तिथे जागा हवी होती. बस्स, एवढंच.

सायकल तोही चालवायचा, पण एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा लावून. हातोदच्या रस्त्यावरची वीस किलोमीटरची तसली शर्यत त्याने जिंकलीही होती. तिथे त्रास होतो, नाही असं नाही, पण तो आपला आपण वाढून घ्यायचा असतो. मांड्या पेटल्या की थोडा कमी, दम टिकला की थोडा जास्त. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वा! शेजारी कुणी नव्हतं, म्हणजे भांडणही नसेल."

हे फार लागलं. मानसने दुसऱ्याच दिवशी बेटमा गावापर्यंतच्या शर्यतीत नाव घातलं. इथे चाळीस जण एकत्र सुटणार होते, सासऱ्यांची टोळीही.

रविवारी सकाळी समोरून चांगलाच वारा होता. दहा मिनिटांत टोळीतले वासुदेवजी शेजारी आले आणि अदबीने म्हणाले, "जावईबापू, आप आगे चलो. तुमच्या आधी आम्ही जायचं, शोभतं का?" मागून सासरे ओरडले, "हो हो, मान तुमचाच!" मानसची छाती फुगली. तो पुढे झाला तो झालाच. इतका शिकलेला माणूस, पण वारा कोण खातंय हे काही त्याच्या डोक्यात शिरेना! मागे सगळे त्याच्या आडोशाने गप्पा मारत पॅडल फिरवत होते. "क्या बात है भिया, काय जोर आहे!" असं कुणी म्हटलं की हा आणखी एक गिअर चढवायचा.

बेटमा दोन किलोमीटरवर आलं आणि गप्पा एकदम थांबल्या. सगळे उसळून सुटले, मंदावले, पुन्हा सुटले. असला त्रास त्याला ठाऊकच नव्हता. इथे दम घ्यायचा तोही दुसऱ्याच्या मर्जीने, आणि ती मर्जी कुणाची होईना. पाय लाकडाचे झाले. एकसष्ट वर्षांचे सासरे त्याच्या शेजारून गेले, तेही शीळ घालत!

सासरे तिसरे आले. मानस सदतिसावा.

एका झाडाखाली तो सायकल आडवी टाकून बसला. रडू यायचंच बाकी होतं. वासुदेवजींनी पाणी पुढे केलं. "थकलात का, जावईबापू?"

"आग लागो त्या मानाला!" मानस भडकलाच. "सगळा वारा मी खाल्ला, आणि तुम्ही... बाबा, तुम्हीसुद्धा! एक नंबरचे लबाड आहात!"

जावई सासऱ्याला लबाड म्हणाला, आता उरलं काय? लक्ष्मीकांतराव उठले, त्याच्यापुढे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला.

"अरे गाढवा, पहिल्या पाच किलोमीटरला बोलायचंस ना हे! वाट बघून कंटाळलो आम्ही. ऊठ. परत जाताना माझ्या मागे राहा, आणि पुढे आलास तर याद राख!"

मानस उठला. सायकल उचलताना तो खुळ्यासारखा हसत होता.