अंड्यांचं धुवण

इन्शिराहच्या हातांना साबण असतो म्हणून अंडी फळत नाहीत! दुक्तूर, म्हणजे डॉक्टर, रऊफने तीन ओळींत तसं लिहून दिलं होतं. आज संचालिकाबाईंची सही झाली की इन्शिराहची रवानगी थेट भांडी घासायला. अलेक्झांड्रियाच्या बंदरात बापाशेजारी बसून ती रित्सा कापायला शिकली. तेच ते काटेरी समुद्री गोळे, लोक लिंबू पिळून खातात ते. पुढे बावीस वर्षं तिने इथे प्रयोगशाळेत त्यांचीच अंडी सांभाळली. आणि हा परवा आलेला माणूस तिला हात धुवायला शिकवणार? तिच्या अंगाची लाही लाही झाली.

खरं कारण रोज मोरीत वाहून जात होतं. अंड्यांवरचा बुळबुळीत थर रऊफला घाण वाटे. तो अंडी दहादा धुवून घेई.

धुवणाची बरणी घेऊन ती संचालिकाबाईंच्या टेबलापाशी उभी राहिली. "दुक्तूरा," ती बाईंना म्हणाली, "अंडी नराच्या बीजाला हाक मारतात. ती हाक या पाण्यात आहे. आम्ही ती रोज फेकतो."

"वग्दीच्या आई, ही प्रयोगशाळा आहे," तिला मुलाच्या नावाने हाक मारत रऊफ हसला. "तुमच्या बापाची रित्साची गाडी नाही."

"माझ्या बापाचं नाव काढू नका! टोपलीत एका मादीने अंडी सोडली की शेजारचे नर कसे पांढरं बीज सोडतात, हे त्याला न शिकता कळत होतं. ही घ्या नळी. टाका तुम्हीच."

रऊफने पहिल्या बशीतल्या, दहादा धुतलेल्या चकचकीत अंड्यांत बीज सोडलं. संचालिकाबाई सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. बीज नुसतंच भरकटत होतं. मग त्याने कडेला धुवणाचा थेंब सोडला, आणि सगळी झुंड तिकडे धावली. दुसऱ्या बशीत त्यानेच, पण एकदाच धुतलेली अंडी होती. तिथे बीज पडलं आणि मिनिट-दोन मिनिटांत एकेका अंड्याभोवती कडं उठलं.

"फळली की!" संचालिकाबाई म्हणाल्या.

"आज हिने हात नीट धुतले असणार," रऊफ पुटपुटला.

इन्शिराहचे हात इतका वेळ एप्रनच्या खिशात होते. बशीला तिने बोटही लावलं नव्हतं. तिने ते बाहेर काढले आणि टेबलावरच्या त्या तीन ओळींच्या कागदाकडे बोट केलं.

"बशीत आज तुमचेच हात होते, दुक्तूर. आता तो कागद इकडे द्या. फाडायला मात्र माझे लागतील."