बाहेरची कडी

सुताराने चौथा स्क्रू आवळला, आपल्या नव्या घराचं दार दोनदा उघडून मिटून पाहिलं आणि हात झटकले.

"बाहेरची कडी कुठंय?" इंजिनिअरने विचारलं.

"ती नाही बसवणार."

"अहो, फॉर्मवर रकाना आहे. कडी नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर घर नाही."

खाली उतारावर पत्र्याच्या शेडची रांग होती. प्रत्येक शेडवर 'तात्पुरता निवारा' असं लिहिलेलं. भूकंपाला अकरा वर्षं झाली होती. अक्षरं पुसट झाली म्हणून सरकारने मध्यंतरी ती दोनदा रंगवूनही दिली. डोंगर अजून अधूनमधून अंग हलवायचा, आणि भांडी वाजायच्या आत सुताराची बायको बाहेर उभी असायची. शेडचं दार सुताराने पहिल्याच दिवशी उतरवून तिथे पडदा लावला होता. सुताराच्याच घराला दार नाही, यावर वस्ती वर्षभर हसली. मग वस्तीला त्याचाही कंटाळा आला.

"कडी दिसली तर ही आत पाऊल टाकणार नाही," सुतार म्हणाला. बायको आत स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून उभी होती. "माझ्या हातचं दार होतं, साहेब. ओलं लाकूड वापरलं, धक्क्यात दार अडकलं. पोरगी आत राहिली."

हे त्याने इतक्यांदा सांगितलं होतं की दारांचं काम त्याला कुणी देत नसे. स्टुलं, फळ्या, फार तर कपाट. ज्यातून कुणाला बाहेर पडायचं नसतं अशा वस्तू.

इंजिनिअर पंचविशीचा होता. अशा वेळी पेनाला टोपण लावावं, एवढं त्याला कळत होतं.

"वाईट झालं. पण दार लाकडामुळे अडकलं ना? मग कडीने काय घोडं मारलंय?"

सुतार वाकून भुसा गोळा करू लागला.

"लाकूड ओलं नव्हतं," बायको म्हणाली.

"तू गप बस गं."

"पाण्याला निघाले की पोरगी मागे धावायची. उतार वाईट. म्हणून बाहेरून कडी घातली. आत्ता येते म्हणाले तिला." ती पाठमोरीच बोलत होती. "यांच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे ती कडी. फडक्यात. कोयंड्यात अडकलेलीच. तिसऱ्या वर्षी खिळा शोधताना सापडली मला."

सुताराचा हात थांबला. ती पेटी तो रोज उशाशी घेऊन झोपायचा, चोरांचं नाव सांगून.

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

इंजिनिअरने फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मी... काय लिहू मग?"

सुताराने मूठभर भुसा तसाच खिशात घातला.

"लिहा, साहेब," तो म्हणाला, "लाकूड ओलं होतं."