पळणारीचे ताट

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पळी आहे. मला चमचा म्हणू नका. चमचे माझ्या हाताखाली असतात. एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले, आणि तेव्हापासून या घरात माझ्यावाचून कुणाचा घास हलला नाही. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या सासूने मला त्यांच्या हातात दिले आणि सांगितले, "वाढणारीनं शेवटी जेवायचं." पुढे मी सुनेच्या हातात गेले, आणि ते वाक्यही माझ्याबरोबर गेले.

मध्ये एक प्लॅस्टिकची पळी आणली होती. मला डब्यांच्या मागे टाकले. चार दिवसांत ती गरम भांड्यात वितळली. मी डब्यांमागून हसले. माझ्या हातून वाढलेल्या ताटावरून कुणी उपाशी उठले नाही, अशी माझी फुशारकी होती.

आमची सून कपडे धुण्याच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून चादरींना इस्त्री करते. यंदा तिने मॅरेथॉनला नाव दिले. बेचाळीस किलोमीटर. नवऱ्याने कारण विचारले तेव्हा म्हणाली, "शाळा अर्धी सुटली, शिवणकाम अर्धं सुटलं. एक तरी गोष्ट शेवटाला न्यायचीय."

पळायला शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला एक कागद दिला. भात, बटाटे, मसूर, अंडी, केळी, दूध. पळण्याआधी थोडे, पळून आल्यावर पोटभर. सासूबाईंनी तो सुनेकडून दोनदा वाचून घेतला आणि अगदी तसेच रांधायला लागल्या. रांधण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही, ते मी मान्य करते.

पण वाढायची सून. आधी सासरे जेवत, मग मुलगा, म्हणजे तिचा नवरा, मग सासूबाई. मॅरेथॉनचे जेवण सगळ्यांच्या अंगी लागले. सासऱ्यांचे गाल वर आले. मुलाच्या सदऱ्याचे बटण तुटले. पळणारी तेवढी वाळून काडी झाली. शेवटी मी भांड्याच्या तळाशी खरखर वाजायची आणि तिच्या ताटात खरवड पडायची. तो आवाज माझाच, पण मलाच ऐकवत नसे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दोन रविवार ती चोविसाव्या किलोमीटरलाच बसली. मास्तरांनी बजावले, पुढच्या रविवारी तीस झाले नाहीत तर नाव मीच काढून टाकतो; रस्त्यात कोसळलीस तर उचलणार कोण? हे सांगत ती मसूर वाढत होती, आणि मी तिच्या हातातून निसटले. फरशीवर आपटून माझा दांडा वाकला.

"लक्ष कुठंय तुझं? मोडलीस ना पळीची मान?" सासूबाई कडाडल्या.

"हात थरथरतोय, आई."

"का? सकाळी काय खाल्लंस?"

"चहा घेतला."

"आणि काल रात्री?"

"भांड्यात उरलं होतं ते."

सासूबाईंनी भांडे तिरके करून पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले, मग मुलाकडे. दोघेही चावायचे थांबले.

"पळतेय ही, आणि पोटं सुटली तुमची."

सासरे हळूच म्हणाले, "मी आपला सुनेला सोबत म्हणून जेवत होतो."

"मग उद्यापासून सोबत म्हणून पळा. माझेही डोळे फुटले होते, त्यात तुम्हाला काय बोलू. बस गं तू."

"पण आई, वाढणारीनं..."

"मीच सांगितलं होतं ना? मीच मोडते. बस."

आठवडाभर पहिले ताट तिचे होते. तरी माझा जीव टांगणीला. महिन्यांचा खड्डा आठ दिवसांत भरतो का?

रविवारी ती पहाटेच गेली. मी वाकड्या मानेने खुंटीला लटकले होते. दुपार झाली. जेवण झाकून ठेवलेले. मुलाने झाकणाला हात लावला, सासूबाईंनी नुसते पाहिले, हात मागे गेला. अखेर जिन्यावर पावले वाजली. मध्येच थांबली. पुन्हा वाजली.

ती आत आली. तोंडावर घामाचे मीठ वाळलेले. येऊन सरळ ताटावर बसली.

"तीस?" सासूबाईंनी विचारले.

"झाले. वाढा."

सासूबाईंनी मला खुंटीवरून काढले आणि वाढले. तिने ताट स्वच्छ केले आणि पुन्हा पुढे सरकवले.

"अजून एक पळी, आई."

मित्रांनो, या घरात आल्यापासून तिने काही मागितले ते हे पहिल्यांदा.

शर्यत अजून तीन आठवड्यांवर आहे, आणि बारा किलोमीटर कमी पडतात. माझी काळजी मिटलेली नाही. तुम्ही मात्र एक करा. मला घासून लखलखीत ठेवा, ते हवेच. पण जेवून उठण्याआधी भांड्यात एकदा डोकावून पाहा. जी वाढते आहे तिच्यापुरते उरले आहे का, ते बघा. मी सांगू शकत नाही. मी फक्त तळाशी खरखरते.