पाठ फिरवलेला अंतोन

दचकू नका, कपाटावरून मीच बोलतोय. वीतभर उंचीचा, तपकिरी झग्यातला, कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीचं फूल घेतलेला. मी संत अंतोन नव्हे, त्याचा पुतळा. हा फरक मला पक्का ठाऊक आहे. घरातल्या माणसांनाही ठाऊक आहे, पण अडचण आली की ती विसरतात आणि सगळं गाऱ्हाणं माझ्याच कानाशी आणतात.

माझा जन्म साच्यातला. पातळ प्लास्टर ओतलं, घट्ट झालं, साचा उघडला की झालो मी. माझ्यासारखे कितीतरी जण फळीवर ओले उभे होते, सगळे बिनडोळ्यांचे. डोळे रंगवणारी बाई काम करता करता शेजारणीला आपल्या सुनेचं सांगत होती. त्या नादात तिच्याकडून माझी बुबुळं जरा खाली उतरली. त्यामुळे मी समोरच्याचं मन लावून ऐकतोय असं दिसतं. अशा चेहऱ्याला माणसं सुखानं उभं राहू देत नाहीत.

या घरात मी आईच्या लग्नाच्या वर्षी आलो. मीही तिला आईच म्हणतो, कारण घरात तिला दुसरं नाव ऐकू येत नाही. ती शिवणकाम करते. हरवलेल्या वस्तू संत अंतोन शोधून देतो असा भाविकांचा विश्वास, त्यामुळे सुरुवातीला माझ्याकडे कात्रीचं काम असायचं. "अंतोन, कात्री कुठे ठेवलीस रे?" जणू मीच वापरून ठेवली होती. मग ती क्षणभर डोळे मिटायची आणि कात्री तिच्याच मांडीवरच्या कापडाखाली सापडायची. श्रेय मला मिळायचं.

पुढे तिचा नवरा आजारी पडला. तेव्हाही ती माझ्यासमोर उभी राहिली. तो गेला. ती माझ्यावर रागावली नाही, पण बरेच दिवस माझ्यावरची धूळ तिनं पुसली नाही.

तिच्या मुलानं शाळा लवकर सोडली आणि सायकलच्या दुकानात कामाला लागला. लाजाळू इतका, की गिऱ्हाइकाशी बोलायला नको म्हणून वाकडी झालेली चाकं घरी घेऊन येतो आणि माझ्यासमोरच्या टेबलावर त्यांचा आऊट, म्हणजे बाक, काढतो. चाक फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, जिथे खडू लागला तिथे चाक बाहेर आलंय. मग एक तार ढिली करायची, समोरची आवळायची. एकीकडचा बाक गेला की दुसरीकडे निघतो. असं करता करता तो माझ्याशी बोलायचा.

गावाबाहेर एक मठ आहे. आमच्या चर्चच्या फादरांनी त्याला एकदा तिथल्या ब्रदरांच्या, म्हणजे लग्न न करता मठात राहणाऱ्या व्रतस्थांच्या, सायकली दुरुस्त करायला पाठवलं होतं. तिथून आल्यापासून त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. "तिथं मला लाज वाटली नाही," एवढंच तो मला म्हणाला. मग रोज विचारू लागला, "हे देवाचं बोलावणं आहे, की मी माणसांना घाबरून पळतोय? मला कळत नाही. एखादी खूण मिळेल असं कर."

हे तो सकाळी म्हणायचा. संध्याकाळी तो दुकानात असताना त्याच जागी आई उभी राहायची. "अंतोन, माझ्या पोराचं लग्न जमू दे. घर भरू दे."

एकमेकांना मात्र दोघं अवाक्षर बोलत नव्हते. आईला वाटे, पोर लाजतंय. पोराला वाटे, आईला सांगितलं तर ती मोडून पडेल. आणि मी मधे. दोघांनी दोन टोकं धरून ओढलेल्या दोरासारखी माझी गत झाली होती.

मुलानं नोव्हेना सुरू केली, नऊ दिवसांची प्रार्थना. शेवटच्या दिवसापर्यंत खूण मिळावी, असं मागितलं. नेमकी त्याच शेवटच्या दिवशी दुपारी मावशी आली. आईची धाकटी बहीण, बोलायला लागली की शिवणयंत्राचा आवाज मागे पडावा अशी.

"ताई, किती दिवस हात जोडून उभी राहणार तू? मुलगी चांगली आहे, टपाल कचेरीत नोकरीला आहे. पण तुझ्या मुलानं हो तर म्हणायला हवं."

"तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. मान हलवतो, तीही आडवी की उभी कळत नाही."

"मग अंतोनला जरा धाक दाखव. माझ्या सासूबाई त्याला भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. काम झालं की सरळ."

"असं करतात का कुठे?"

"सगळीकडे करतात. संत समजूतदार असतात गं. आपल्या नवऱ्यांसारखे थोडेच आहेत, चार दिवस फुगून बसायला."

मावशी गेल्यावर आई माझ्याजवळ आली. "माफ कर हं," म्हणाली आणि मला भिंतीकडे वळवलं. मग तयार झालेले कपडे पोचवायला बाहेर पडली.

भिंतीला एक बारीक तडा होता आणि त्यातून मुंग्या जात होत्या. मी त्यांच्याकडे बघत होतो तेवढ्यात दार वाजलं. मुलगा घरी आला होता. पावलं माझ्यासमोर येऊन थांबली. समोर म्हणजे, माझ्या पाठीशी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, हे तुझ्या आईचं काम आहे, विचार तिला. पण प्लास्टरच्या ओठांना ते कुठून जमणार?

"बरं," तो म्हणाला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं आईला सांगितलं, "मावशीला कळव. मुलगी बघू."

आईनं मला सरळ केलं, माझे गाल पुसले, फुलं ठेवली. मावशी म्हणाली, "बघ, चोवीस तासही लागले नाहीत." मुलगा रोज कामावरून यायचा, चाक लावायचा आणि माझ्याकडे न बघता खडू धरायचा. आता तो माझ्याशी बोलत नव्हता.

मग फादर घरी आले. पाणी पिता पिता सहज म्हणाले, "तुमचा मुलगा मठात जाणार नाही म्हणाला, तेव्हा मी काही बोललो नाही. पण कारण विचित्र सांगितलं त्यानं. म्हणे, संतानंच माझ्याकडे पाठ फिरवली. मी म्हटलं, पुतळ्यावरून देवाचं पाचारण ठरत नसतं रे. पण त्यानं ते मनाला लावून घेतलंय."

आई पुढे झाली. "मठात? कोण, आमचा?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

त्या दिवसापासून आईचा जीव जागेवर राहिला नाही. एका झग्याच्या दोन्ही बाह्या तिनं उलट्या जोडल्या आणि उसवत बसली. मावशीला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तू गप्प राहा. झालं ते देवानंच केलं समज."

"देवानं नाही गं. माझ्या या हातांनी केलं."

"मग हातांना सांग गप्प राहायला."

मुलगी बघायला रविवारी जायचं होतं. शनिवारी मुलगा चाक फिरवत बसला होता. आई यंत्रापाशी होती, पण यंत्र चालत नव्हतं.

"अंतोनला मी फिरवलं होतं," ती म्हणाली.

चाक फिरतच राहिलं. "का?"

"मावशी म्हणाली म्हणून." मग थांबून म्हणाली, "नाही. मलाच हवं होतं म्हणून. तू एकटा राहशील याची भीती वाटते. मी एकटी राहीन याची जास्त वाटते."

त्यानं खडू खाली ठेवला. "मला वाटलं, तो मला नको म्हणतोय."

"तो कशाला नको म्हणेल? प्लास्टरचा आहे तो."

हे ऐकून मला वाईट वाटलं नाही. उलट हायसं वाटलं.

मुलगा हसला, मग त्याचा चेहरा पडला. "म्हणजे खूण मिळालीच नाही. आता मी काय करू? आई, मला जायचंय की नाही तेच कळत नाही. लग्न नकोच असंही नाही."

"इथं बसून कसं कळणार? जा, राहून बघ."

"आणि तू?"

"मी इथंच आहे. मला कोण घेणार मठात?"

"मुलीकडच्यांना काय सांगायचं?"

"खरं ते सांगू. त्यांना सांगणं सोपं आहे, मावशीला सांगणं अवघड."

तो गेला. अजून मठातच आहे, पण ब्रदर झालेला नाही. फोनवर आई विचारते, "काही कळलं का?" तो म्हणतो, "कधी वाटतं कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही." पण आता तो लांबलचक वाक्यं बोलतो, हे आईच्या लक्षात आलंय. ती त्यानं सुखावते आणि त्यानंच घाबरते.

माझी अवस्था बघायची तर झग्याचा रंग उडालाय, लिलीची एक पाकळी तुटली आहे. रोज आई समोर येते. "अंतोन, त्याला तिथंच..." म्हणते आणि थांबते. "अंतोन, त्याला परत..." म्हणते आणि पुन्हा थांबते. आज म्हणाली, "आज काही मागत नाही. नुसती उभी राहते." उभी राहिली खरी, पण चपला पायातच होत्या आणि पाय सारखे दाराकडे, मठाच्या वाटेला वळत होते.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्यापाशी काय हवं ते मागा. राग आला तर भिंतीकडेही वळवा, आम्हाला त्याची सवय असते. फक्त वळवलंत, तर घरातल्यांना तेवढं सांगून ठेवा.