रक्त चांगलं दिसावं म्हणून

टक्.

लाईट गेली होती. पंखा रेंगाळत थांबला, तसं सणसरचं ते घर एकदम गप्प झालं. लेकीला, छकुलीला थोपटता थोपटता आसावरीचाच डोळा लागत आला होता. रविवारची दुपार, आठवड्यातली तिची एवढीच सुट्टी. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तो आवाज आला. पाकिटाच्या चंदेरी कागदातून गोळी अंगठ्यानं दाबून काढताना होतो, तेवढाच. पंखा चालू असता तर ऐकूही आला नसता.

ती उठून आत गेली. ओट्यापाशी सासू उभी होती. एका हातात तांब्या, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"आत्या, काय घेताय?"

"कुठं काय. पानी पितीय."

"मूठ उघडा बघू."

"आगं, लेकरू उठंल. जा, पड जरा."

"उघडा."

ठमाबाईंनी मूठ उघडली. तळहातावर लांबट पांढरी गोळी होती. ओट्यावर डाळीच्या डब्यामागं उरलेलं पाकीट होतं. दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेलं, त्यामुळे औषधाचं नाव अर्धवट गेलेलं. पण पाकिटावरची उभी लाल रेघ शाबूत होती. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा औषधांवरची ती रेघ आसावरी ओळखायची. बारामतीच्या एका लॅबमध्ये ती रक्त काढायला होती.

"ही तापाची गोळी नाही, आत्या. ही जंतू मारायची आहे. कुणी दिली?"

"कुशीनं. तिच्या पायाला जखम झाली हुती का न्हाय, तवाच्या उरल्यात. बघाया आली हुती त्या टायमाला पिशवीतनं घिऊन आली."

कुशाबाई म्हणजे ठमाबाईंची इंदापूरची धाकटी बहीण. ती बघायला आली होती रक्त काढायच्या आधी. आसावरीनं पाटावर बसकण मारली.

कालच तर रिपोर्ट आला होता. जंतूंची वाढ नाही. तिच्या नवऱ्यानं, नागेशनं कारखान्यावरून येताना पेढे आणले, देवापुढं ठेवले, शेजारी वाटले. ठमाबाईंना महिन्याभरापासून संध्याकाळ झाली की बारीक ताप यायचा. जेवण तुटलं होतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या, अंगण झाडताना धाप लागत होती. बारामतीच्या डॉक्टर मॅडमनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. हृदयाच्या झडपेवर जंतू बसले असावेत, म्हणाल्या. नक्की कोणते ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. रक्त बाटलीत घालून मशीनमध्ये ठेवायचं आणि जंतू वाढतात का ते बघायचं. ते रक्त आसावरीनं स्वतः काढलं होतं, दोन्ही दंडांतून.

"मी विचारलं होतं तुम्हाला. खुर्चीत बसवून विचारलं होतं, आधी काही औषध घेतलंय का म्हणून."

"व्हय, विचारलं हुतंस. पर तुज्या लॅबातली म्याडम शेजारी हुबी. तिच्यासमूर कसं सांगू? म्हनली असती, सून लॅबात आन् सासू बहिणीच्या उरल्यासुरल्या गोळ्या खाती."

"पण घेतलीत कशाला?"

ठमाबाईंनी पदरानं तांब्याची कड पुसली. मग म्हणाल्या, "तुज्या हातनं रगत जानार. तुज्या हितली सगळी मान्सं बघनार. म्हटलं, जरा चांगलं दिसावं."

त्या दिवशी त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बारामतीला जायचं म्हणून नेसल्या असतील, असं आसावरीला वाटलं होतं.

तिला रागवायचं होतं. पण रागवायचं कुणावर? लॅबच्या खुर्चीत रोज माणसं बसत, आणि काही घेतलं का विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच. "न्हाय ओ ताई, काई न्हाय. गावात नुसती दोन इंजेक्शनं मारली, आन् येक सलाईन." कुणी पोराला आधी डोस पाजून आणत, गाडीत ताप चढायला नको म्हणून. दवाखान्यात जाताना पोराचं तोंड धुतात, भांग पाडतात, तसंच ते. आजारी माणूस नीटनेटकं करून न्यायचं. आसावरी बाटलीवर चिठ्ठी लावता लावता हसायची कधीकधी. आपल्या घरातलं माणूस त्यांच्यासारखंच असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"आत्या, तो रिपोर्ट चांगला नाहीये."

"वाढ न्हाय म्हनलीस की काल."

"वाढ दिसली नाही. गोळीनं जंतू दबले. बाटलीत वाढायला त्यांच्यात जोर उरला नाही. पण आत असतील."

ठमाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी लव्हाळ्यावानी. औषध मारलं की वरनं करपतो. मानूस म्हनतं, रान साफ. खाली गाठी जित्या."

"हां. आणि करपलेल्या रानात कुठलं तण होतं ते कसं ओळखायचं?"

"न्हाईच वळखू येनार." त्यांनी तळहातावरची गोळी तिच्या हातात दिली. "मग आता गं?"

सोमवारी डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. गोळ्या बंद करा, म्हणाल्या. आजींची तब्येत आत्ता टिकून आहे म्हणून थोडे दिवस थांबता येईल. मग पुन्हा रक्त घेऊ. मध्येच थंडी वाजून ताप आला तर लगेच आणा, त्या वेळचं रक्त चांगलं, जंतू सापडतात. आणि धाप वाढली, बोलताना जीभ अडखळली, हातपाय लुळे वाटले, तर थांबायचं नाही. रात्र असो, काही असो, थेट ॲडमिट.

परतताना मोटारसायकलवर ती आणि नागेश दोघंच होते. सणसरच्या फाट्याला गाडी बाजूला घेऊन तो म्हणाला, "आईला गोळीनं बरं वाटत हुतं. दोन घास जास्ती जात हुते. ती काढून घ्यायची आन् बसायचं, व्हय?"

"बरं वाटत होतं. बरं होत नव्हतं."

"तुमची लॅबवाल्यांची भाषा."

"चुकीच्या औषधावर झडप खराब झाली तर, अहो? ऑपरेशनपर्यंत जाईल."

"आन् वाट बघताना काय झालं तर?"

तिच्याकडे याचं उत्तर होतं, डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं सगळं. पण रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत जात होत्या आणि नागेशचे डोळे भरले होते. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं गाडीला किक मारली.

मग घरात वाट बघणं सुरू झालं. सकाळी बारामतीची एसटी पकडण्याआधी आसावरी सासूच्या काखेत थर्मामीटर ठेवायची. लॅबमधून फोन करायची. संध्याकाळी चप्पल काढायच्या आधी कपाळाला हात. कपाळ गार. एरवी देवाला हात जोडले असते. आता वाटायचं, गोळीचा अंमल अजून उतरला नाही की काय. छकुली दप्तर पाठीवर ठेवूनच हे सगळं बघत उभी राहायची.

ठमाबाईंना तर ओशाळल्यासारखं झालं होतं.

"आज बी न्हाय आला गं," त्या दारातच सांगायच्या, जणू सांगितलेलं काम विसरून राहिलं. "माजं आंगच हट्टी. नगं तवा रोज याचा मेला."

"येईल हो."

"आसं म्हनू नये बाई, संध्याकाळच्या पारी," म्हणत त्या स्वतःच हसायच्या. हसताना धाप लागायची, मग खांबाला टेकायच्या. आसावरी कान देऊन तो श्वास ऐकायची. शब्द नीट येतात ना, म्हणून उगाच बोलत ठेवायची. लहानपणीचं विचारायची, विहिरीचं, बैलांचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासूशी एवढं बोलणं तिचं कधी झालं नव्हतं.

मग एके दिवशी ती घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. छकुली पायरीवर पाटी घेऊन बसली होती. ठमाबाई दारात दिसल्या नाहीत. आसावरी झपाझप आत गेली. उकाड्यात दोन गोधड्या पांघरून त्या कॉटवर मुटकुळं करून पडल्या होत्या. दात वाजत होते. दंडावर काटा फुलला होता.

"थंडी वाजतीया, आसावरे. लई."

"नाव सांगा तुमचं. पूर्ण सांगा."

"येड लागलं का... ठमाबाई चिंतामण..." शब्द सरळ येत होते, फक्त दातांत तुटत होते. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"आला!" आसावरी ओरडली. "अहो, आला ताप! गाडी सांगा कुणाची तरी, लगेच निघायचं!"

फोन कानाला लावून नागेश अंगणात पळाला. आसावरीनं लॅबला फोन केला, बाटल्या काढून ठेवायला सांगितल्या. सासूच्या केसांवरून हात फिरवला, पदर नीट केला. गोधडीतून ठमाबाईंनी तिचं बोट धरलं. "लुगडं बदलू का गं?" त्यांनी विचारलं.

"नको. अशाच चला."

ती वळली तर छकुली उंबऱ्यात उभी होती. हातात पाटी तशीच. आजीकडे बघत होती, मग आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मम्मी, आज्जीला ताप आला, तर तू हसलीस का?"